पाणबुडी मोटरींच्या दुकानाचा फोन क्लाउडवर नेला, त्याचा हिशोब

आमचा धंदा पाणबुडी मोटरी (विहिरीत, बोअरमध्ये पाण्यात बुडून चालणाऱ्या), पंप आणि रिवाइंडिंगचा, म्हणजे जळक्या मोटरीची तार नव्याने गुंडाळून देण्याचा. जळगावला एमआयडीसीत वर्कशॉप आणि ऑफिस, सावद्याला एक काउंटर, चोपड्याला दुसरं. ऑफिस मी सांभाळते. मागच्या वर्षी आम्ही भिंतीवरचा जुना ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाइनींना जोडणारा डबा, काढून टाकला आणि फोनची सगळी व्यवस्था पुण्याच्या एका कंपनीच्या क्लाउड सेवेवर नेली. उन्हाळा, पावसाळा आणि कांदेबागेचा, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीचा, हंगाम, तिन्ही त्यावर निघाले, म्हणून आता लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. अशा सेवा बाजारात बऱ्याच आहेत, आतली यंत्रणा जवळपास सारखीच असते, आणि माझ्या अनुभवातला अर्धा भाग त्या कंपनीचा नाहीच. तो आमच्या गल्लीतल्या लाइटीचा आणि फायबरचा आहे.

पैसे वसूल झाले. पण विकायला आलेल्या मुलाने ज्या गोष्टींचे गोडवे गायले होते त्यांनी नाही. व्हिडिओ मीटिंग, फोनवरून चालणारं 'व्हर्च्युअल ऑफिस', रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड, यातलं आम्ही काहीच वापरत नाही. आम्ही एकच गोष्ट रोज उघडतो, ती म्हणजे सुटलेल्या कॉलची यादी. कुणाचा, किती वाजता, कोणत्या काउंटरला, किती वेळ वाजला आणि परत फोन कुणी केला. या एका पानासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन.

ते पान एवढं महत्त्वाचं का, हे आमचा धंदा माहीत नसलेल्याला कळायचं नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की केळीला रोज पाणी लागतं. बाग निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळेवर, आलेली असताना मोटर जळली तर शेतकरी आजच्या आज माणूस शोधतो. रावेर-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला पाणी खोल. मोटर नुसती वर काढायलाच गाडी लागते, मग वाइंडिंग, मग परत सोडायची. 'उद्या बघू' म्हणणाऱ्याकडे कुणी थांबत नाही. त्यात शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, थ्री फेज लाइट वेळापत्रकाने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. लाइट आली की सगळ्या शिवारात एकदम स्टार्टर दाबले जातात. ज्याची मोटर नुसती घुमते, उचलत नाही, तो विहिरीवरूनच फोन लावतो. म्हणजे आमच्याकडे फोन दिवसभर सारखे येत नाहीत. लाइट आल्यानंतरच्या अर्ध्या तासात झुंबड, मग शांत.

जुन्या डब्याला चार लाइन आणि सोळा एक्स्टेंशन होते. त्यातल्या दोन लाइन खऱ्या अर्थाने चालू. झुंबडीच्या वेळी तिसऱ्या माणसाला एंगेज टोन जायचा आणि तो पुढच्या दुकानाचा नंबर लावायचा. आपल्याला कळायचं काय? काहीच नाही. एंगेज गेलेल्या फोनची नोंद त्या डब्यात कुठेच राहत नव्हती. रात्रीच्या लाइटीचे फोन तर बंद ऑफिसात वाजून वाजून थांबायचे. सकाळी आम्ही म्हणायचो, 'या आठवड्यात काम जरा कमीच आहे.'

डब्याची तब्येतही संपत आलेली होती. वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्याचं एखादं कार्ड जायचं. दुरुस्त करणारा माणूस सीसीटीव्हीच्या धंद्यात गेला, त्याच्यानंतरचा नाशिकहून यायचे पैसे मागायचा. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल ओढली की दोन्ही लाइन एकदम मुक्या. मग काउंटरचा मोबाइल वेगळा, प्रत्येक मिस्तरीचा वेगळा, जळक्या मोटरींच्या नेमप्लेटचे फोटो भाऊजींच्या व्हॉट्सअपवर. भाऊजी लग्नाला गेले की फोटोही लग्नाला.

क्लाउड म्हणजे काय हे अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी असं सांगितलं: भिंतीवरचा डबा निघाला आणि मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेला. आपले फोन त्याला तारेऐवजी इंटरनेटने जोडलेले. टेबलावर नेटवर चालणारे फोनसंच, मिस्तऱ्यांच्या मोबाइलवर ॲप. सावद्याचं काउंटर आता ऑफिसचंच एक्स्टेंशन. दोन आकडे दाबले की तिकडे वाजतो. बाहेर फोन केला तर समोरच्याला कुणाचाही वैयक्तिक नंबर दिसत नाही, दुकानाचाच दिसतो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि लाइट गेली तर, बाई?"

हा प्रश्न पुण्याच्या मुलाच्या सादरीकरणात कुठेच नव्हता. तांब्याच्या तारेच्या जुन्या लँडलाइनला वीज एक्सचेंजमधून येत होती, ४८ व्होल्ट, त्याच तारेतून. घरात अंधार असला तरी साधा फोन वाजायचा. नवी व्यवस्था सगळी आपल्या विजेवर. फायबरचा मोडेम, राउटर, स्विच, टेबलावरचा फोन, यातलं एक जरी बंद पडलं तरी तो फोन मुका. आमच्याकडे वर्कशॉपला इन्व्हर्टर होता पण नेटचं सगळं सामान साध्या प्लगवर. ते आधी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. टेबलावरचे फोन स्विचमधूनच वीज घेणारे, म्हणजे पीओईचे घेतले, त्यामुळे प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर लागत नाही आणि एक स्विच जिवंत ठेवला की सगळे जिवंत. सावद्याच्या छोट्या काउंटरला राउटरसाठीचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरला. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो. तुम्ही घेणार असाल तर आधी हा धरा.

दुसरं, उष्णता. आमचा स्विच पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर बसवला होता, कारण केबल तिथून सोयीची. एप्रिल लागला आणि दुपारी तीनच्या सुमाराला सगळे फोन एकदम बंद होऊन पाच मिनिटांनी परत उठायला लागले. कंपनीचा सपोर्ट नेटचा वेग तपासून स्क्रीनशॉट पाठवा म्हणत राहिला. जळगावचाच एक जोडणी करणारा मुलगा आला, शिडीवर चढला, स्विचला हात लावून लगेच मागे घेतला. स्विच खाली ऑफिसात आणल्यापासून तो त्रास गेला. पुण्यात बसून पत्र्याखालचा एप्रिल कळत नाही, हे मी त्यांच्या बाजूनेही समजून घेते.

नेटबद्दल एक गैरसमज दूर करण्यासारखा आहे. लोक विचारतात, किती एमबीपीएसचा प्लॅन लागेल? फोनला वेग फार लागत नाही. नेहमीच्या जी.७११ पद्धतीने आवाज पाठवला तर एका कॉलला जाता-येता साधारण ९०-९० केबीपीएस पुरतात. दहा माणसं एकाच वेळी बोलत असली तरी एक एमबीपीएसच्या आत काम. लागतो तो सातत्याचा पुरवठा. आवाज बारीक तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो; ती एका तालात पोचली पाहिजेत. पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की दोघंही एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात, आणि मधली पाकिटं हरवली की आवाज किरकिरतो. आमच्याकडे सकाळी आवाज फुटायचा. शोधलं तर वर्कशॉपच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा बॅकअप, दोन्ही सकाळीच नेटवर चढत होते. प्लॅनमध्ये डाउनलोड भरपूर, अपलोड तोकडं, आणि आपला आवाज अपलोडमधून जातो. राउटरमध्ये फोनला पहिला मान दिला, बॅकअप रात्री एकवर ढकलला, विषय संपला.

याहून विचित्र प्रकार सावद्याला झाला. आम्ही बोललेलं समोरच्याला ऐकू जायचं, त्याचं आम्हाला नाही. शेतकरी बिचारा तिकडून ओरडतोय, इकडे शांतता, आणि काउंटरचा पोरगा "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवतोय. दोन गिऱ्हाइकं तर रागावून थेट दुकानात आली. कारण निघालं राउटरमधली एक सेटिंग, तिचं नाव एसआयपी एएलजी. ती इंटरनेटच्या फोनला मदत करायला म्हणून दिलेली असते आणि बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये नेमकी तीच घोळ घालते. बंद केली, आवाज आला. एकाच बाजूचा आवाज ही तक्रार तुमच्याकडे आली तर सपोर्टला तिकीट टाकण्याआधी ही सेटिंग बघा.

दुसऱ्या नेटशिवाय हे करू नका, एवढं मी ठासून सांगेन. आम्ही एक फायबर आणि एक सिमवर चालणारा राउटर ठेवला आहे. फायबर गेलं की आपोआप सिमवर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घ्यायचा विचार होता, पण खाली उतरून पाहिलं तर दोघांची वायर एकाच खांबांवरून येत होती. मेमधल्या वादळात केळी आडवी होते तसे खांबही होतात. दोन बिलं भरून एकाच खांबावर भरवसा ठेवण्यात काय अर्थ?

आता नंबर. आमच्यासारख्या जुन्या दुकानांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ०२५७ चा आमचा लँडलाइन नंबर अण्णांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा. तो बिलांवर आहे, रिवाइंडिंग केलेल्या प्रत्येक मोटरीच्या स्टिकरवर आहे, आणि यावल-फैजपूर रस्त्याला कितीतरी मोटरघरांच्या भिंतींवर पिवळ्या रंगात आहे. मोबाइल नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, देशभर २०११ पासून ती सोय आहे. लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे क्लाउडवाली कंपनी नवा नंबर देते. जुना नंबर ज्या टेलिफोन कंपनीचा, तिच्याकडेच राहतो. विकणारा मुलगा हे 'ते आपण मॅनेज करू, मॅडम' एवढ्यावर उडवत होता.

मॅनेज करायचे दोन रस्ते आहेत. एक, जुन्या नंबरवरचे सगळे फोन नव्या नंबरला फॉरवर्ड करायचे. दुसरा, जुन्या लाइनचं टोक एका छोट्या गेटवेच्या डबीत लावायचं आणि त्या डबीने तो कॉल इंटरनेटवरून क्लाउडला द्यायचा. आम्ही आधी तांब्याची लाइन त्याच टेलिफोन कंपनीकडून फायबरवर करून घेतली, नंबर तोच राहिला. मग फॉरवर्ड केलं. चाललं, पण सुटलेल्या कॉलच्या यादीत काही कॉलपुढे शेतकऱ्याचा नंबर न दिसता आमचाच ०२५७ चा नंबर दिसायला लागला. ज्या यादीसाठी हे सगळं, तिच्यातच नंबर नाही! कोणत्या नेटवर्कवरून फोन आला यावर ते ठरत होतं असं दिसतं. शेवटी गेटवेची डबी घेतली आणि लाइनवर येणाऱ्याचा नंबर दाखवण्याची सुविधा चालू करून घेतली. आता बहुतेक सगळे नंबर दिसतात. फॉरवर्डच ठेवणार असाल तर फॉरवर्ड झालेल्या कॉलचं बिल कुणाच्या प्लॅनमधून कापलं जातं तेही विचारून घ्या. आणि फॉरवर्ड मोबाइलवर करायचं असेल तर नंबरच्या आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्याशिवाय फोन लागत नाही.

त्या जुन्या नंबरचा एक फायदा मात्र नंतर कळला. व्हॉट्सअप बिझनेस लँडलाइन नंबरवरही चालू करता येतं. मेसेजऐवजी फोन करून कोड सांगतात. आमच्याकडे तो फोन आला आणि थेट स्वागताच्या रेकॉर्डिंगवर गेला. तिकडे यंत्र कोड वाचतंय, इकडे आमचं यंत्र 'एक दाबा' म्हणतंय. पाच मिनिटं मेनू बंद केला, फोन उचलला, कोड घेतला. आता नेमप्लेटचे फोटो दुकानाच्या नंबरवर येतात आणि भाऊजी लग्नात निवांत जेवतात.

मेनूबद्दल थोडं सांगते, कारण यात कंपन्या शहाणपणा करतात. त्यांनी दिलेल्या तयार रेकॉर्डिंगमध्ये आधी हिंदी, मग इंग्रजी, मग भाषा निवडा, मग पाच पर्याय. आमचं गिऱ्हाईक बांधावर उभं असतं, वारा सुटलेला, हातात बटणांचा फोन. कानाचा फोन खाली घेऊन आकडा दाबून परत कानाला लावेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. सुरुवातीच्या दिवसांत यादीत कितीतरी कॉल मेनूच्या मध्येच कापलेले दिसले. आम्ही ते सगळं काढलं. पुतणीने वर्कशॉपमध्येच मोबाइलवर रेकॉर्ड केलं: "राम राम दादा, राम राम ताई. मोटर बंद पडली असेल तर एक दाबा. नाहीतर थांबा, फोन लागतोय." काहीच दाबलं नाही तरी फोन वर्कशॉपलाच जातो. पाठीमागे लेथचा आवाज ऐकू येतो. कंपनीचा माणूस म्हणाला, स्टुडिओत करून देऊ. नको म्हटलं. लेथ ऐकून लोकांना कळतं की फोन बरोबर ठिकाणी लागला.

मग यादीने काय बदललं? रात्रीची पाळी. पहिल्या महिन्यातच दिसलं की रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात अकरा-साडेअकराला फोनांचा गठ्ठा येतो. आम्ही फीडरचं वेळापत्रक आणि मिस्तऱ्यांच्या पाळ्या जुळवल्या. ज्या भागाला रात्रीची लाइट, त्या भागाच्या मिस्तरीचं ॲप त्या आठवड्यात रात्री चालू. तो जागेवर लगेच जात नाही, जायची गरजही नसते. "केबल बघितली का, तिन्ही फेज आहेत का, स्टार्टरला वास येतोय का" एवढं विचारतो. निम्म्या वेळा डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज गेलेला असतो, मोटर ठीक असते. "सकाळी सातला माणूस येतो" एवढं ऐकलं तरी शेतकरी दुसऱ्या दुकानाला फोन लावत नाही. आणि सुटलेला कॉल आता कुणाच्या तरी नावावर असतो. आधी 'मला वाटलं तू उचललास' यावर भांडण संपायचं, हल्ली ते सुरूच होत नाही.

मिस्तऱ्यांना हे सगळं आवडलं असं समजू नका. तरुण पोरांना ॲपचं काही वाटलं नाही. आमचे सगळ्यात जुने मिस्तरी मात्र अजून स्वतःचाच नंबर देतात. गावोगावी लोक त्यांना नावाने ओळखतात, आणि 'दुकानाचा नंबर दिसतो' म्हणजे त्यांची ओळख दुकानाच्या खिशात गेली असं त्यांना वाटतं. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. त्यांच्यावर सक्ती केली नाही.

कॉल रेकॉर्डिंग दुधारी आहे. एक दादा तावातावाने आले की साडेसात एचपीचा भाव सांगून दहाचं बिल लावलं. ऐकलं, तर दादा बरोबर. आमच्या काउंटरवर साडेसातच बोलले गेले होते. फरक परत केला. पण रेकॉर्डिंग कुणी ऐकायचं हे आधीच ठरवा. आमच्याकडे ते फक्त दोघांच्या लॉगिनला उघडतं, आणि कॉल रेकॉर्ड होतो हे सुरुवातीलाच सांगितलं जातं. गिऱ्हाइकाचे नंबर आणि आवाज हा आता २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा विषय आहे. काउंटरवरच्या प्रत्येक पोराला तो ढीग उघडा ठेवायचं कारण नाही.

'तुमची मोटर तयार आहे' असा एसएमएस पाठवायची सोयही घेतली. त्यासाठी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या धंद्याच्या एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदणी लागते: दुकानाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही. साचा मंजूर झाला की त्यात फक्त नाव आणि रक्कम बदलायची. इथे मराठीवाल्यांना एक भुर्दंड आहे. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. आमचा पहिला साचा 'आदरणीय ग्राहक महोदय' असा सुरू होत होता; तेवढ्यातच एकोणीस अक्षरं गेली आणि पूर्ण मेसेजला तीन एसएमएसचे पैसे. आता मजकूर असा: 'मोटर तयार. बिल रु. अमुक. पाणबुडीवाले, सावदा.' एकात बसतो. आदर समोर आल्यावर चहाने करतो.

ईमेल त्याच झटक्यात क्लाउडवर नेला. तो भाग एवढा सरळ गेला की लिहिण्यासारखं काही नाही. कोइमतूर आणि राजकोटच्या कंपन्यांचे जुने मेल एकाच संगणकात अडकलेले होते, ते चढवायला रात्रभर लागली, बस.

कागदपत्रांची कटकट आहे. जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, पत्त्याची पडताळणी. ती टाळून स्वस्तात देणारे भेटतात. एक जण आमच्याकडेही आला होता, एका डबीत ढीगभर सिम घालून 'हेच क्लाउड' म्हणत होता. असलं काही जवळ करू नका. नंबर परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडून आला पाहिजे आणि बिल तिच्या किंवा तिच्या अधिकृत भागीदाराच्या नावाचं पाहिजे. सिम बॉक्स, म्हणजे असली ढीगभर सिमची डबी, चालवणं बेकायदेशीर आहे, आणि पोलिस आले तर ते डबी जिथे ठेवली त्या पत्त्यावर येतात.

खर्चाचं बोलू. माणशी महिन्याला हजाराच्या आत पडतं, वर १८ टक्के जीएसटी, जो आम्हाला परत वळता मिळतो. सगळ्यांना लायसन्स, म्हणजे माणशी पैसे लागणारं कनेक्शन, घेऊ नका. वर्कशॉपमधला सामाईक फोन एका लायसन्सवर चालतो, आणि वाइंडिंग करणाऱ्यांना त्याची गरजच नसते. अण्णांना नवा फोनसंच पसंत पडला नाही. त्यांचा जुना बटणांचा फोन एका अडॅप्टरच्या डबीला लावून दिला, तो पंधराशे-दोन हजारांत होतो. फोनसंच, स्विच, गेटवे, दुसरं नेट धरून पहिल्या वर्षी जुन्या व्यवस्थेपेक्षा जास्तच गेले. 'खर्च निम्मा होतो' असं जो सांगतो तो इन्व्हर्टरचा हिशोब धरत नाही.

सपोर्टला मी काठावर पास करेन. फोन उचलतात, गोड बोलतात, पण प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कथा. रविवारी फक्त ईमेल. आमच्या धंद्याला रविवार नसतो. स्थानिक जोडणीवाल्या मुलाला वर्षाचं ठरवून पैसे देतो, तोच खरा आधार. करारात एक कलम तपासा: सोडून जायचं ठरवलं तर कॉलची यादी आणि रेकॉर्डिंग कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत देणार. आमच्या पहिल्या करारात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. सही करायच्या आधी भाऊजींनी तो लिहून घेतला.

ज्यांचं एकच काउंटर आहे, एकच माणूस फोन उचलतो, त्यांनी हे घेऊ नये. दोन सिमचा मोबाइल, व्हॉट्सअप बिझनेस आणि वहीत सुटलेल्या कॉलची नोंद, एवढ्यात त्यांचं भागतं. दोनपेक्षा जास्त ठिकाणं, चार-पाच फिरती माणसं आणि झुंबडीचे तास असतील तर जरूर घ्या, पण आधी महिनाभर एका काउंटरला चालवून बघा.

चोपड्याला आम्ही अजून टेबलावरचा फोन दिलेला नाही. तिथलं फायबर आठवड्यातून एकदा तरी जातं, त्यामुळे काउंटर मोबाइलच्या ॲपवर चाललंय आणि तक्रार नाही. दुसऱ्या कंपनीची वायर वेगळ्या रस्त्याने येते असं कळलंय. खांब बघायला या आठवड्यात भाऊजी जाणार आहेत.